निकोटीन द्रावण (घरगुती साठवण)

निकोटीन पाण्यात, ग्लिसरीनमध्ये किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून घरात दीर्घकाळ ठेवणे. सांगली-सातारा भागात असे द्रावण दोन वाटांनी घरात येते. फवारणीसाठी केलेला तंबाखूचा काढा ही जुनी वाट. ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवाची बाटली ही अलीकडची, आणि ते उपकरणच २०१९ पासून देशात बंद आहे. काढा शेतातल्या खोलीत असतो, बाटली बहुधा कपाटात लपवलेली. रसायन मात्र एकच.

शुद्ध निकोटीन हा तेलकट, जवळजवळ रंगहीन द्रव. जर्मनीत हायडलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान यांनी तो १८२८ मध्ये तंबाखूतून वेगळा काढला. नाव पडले ते झाँ निको या फ्रेंच राजदूतावरून. त्याने १५६० मध्ये पोर्तुगालहून पॅरिसला तंबाखू धाडली होती. हा द्रव २४७ अंश सेल्सियसला उकळतो आणि उणे ७९ अंशांपर्यंत गोठत नाही. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. ऑक्सिजनशी संयोग होऊन निकोटीन-एन-ऑक्साइड, कोटिनीन, मायोस्मीन असे पदार्थ तयार होतात, वासही उग्र होतो. मात्र नुसत्या रंगावरून द्रावणाचा कस ठरवता येत नाही. कस फारसा उतरलेला नसतानाही रंग बराच गडद झालेला असतो. काळपट दिसते म्हणजे मेलेले औषध, हा समज म्हणूनच धोक्याचा.

खराबी होते ती तीन गोष्टींनी : हवा, उजेड, उष्णता. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता हे समजून घ्यायचे तर सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवावीत. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड मातीने लिंपलेले. आतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही तो याच कारणाने. निकोटीनच्या बाटलीचे तत्त्व हेच : काच गडद तपकिरी, बाटली गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेने भरलेली बाटली. प्रयोगशाळांत वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरतात. कमी तापमानाला ही प्रक्रिया मंदावते, म्हणून परदेशात असे द्रव उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवण्याची पद्धत पडली. ग्लिसरीनमुळे ते तिथे घट्ट होते, दगडासारखे गोठत नाही. थंड बाटली बाहेर काढून लगेच उघडली तर हवेतले बाष्प आत शिरते, आणि निकोटीन पाणी ओढून घेणारे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या गावात, जिथे दुपारी वीज जाते आणि घरात एकच फ्रिज असतो, तिथे या पद्धतीचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. बर्फाच्या ट्रेशेजारी, मुलांच्या कुल्फीला खेटून विष ठेवायचे.

काढ्याची गोष्ट निराळी. शेतकी पुस्तकांतले प्रमाण असे : ५०० ग्रॅम तंबाखूचा चुरा साडेचार लिटर पाण्यात २४ तास भिजवायचा किंवा अर्धा तास उकळायचा, गाळून त्यात १२० ग्रॅम साबण घालायचा आणि सहा-सात पट पाणी मिसळून मावा, तुडतुडे यांवर मारायचा. साबण केवळ पानाला चिकटण्यासाठी नसतो. तो अल्कधर्मी असल्याने पानातल्या आम्लांशी बांधलेले निकोटीन सुटे होते. तंबाखूला चुना लावून मळतात त्यामागेही हेच रसायन आहे; चंची बाळगणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. सुटे झालेले निकोटीन उडते, हवेत बिघडते आणि कातडीतून झपाट्याने आत जाते. त्यामुळे काढा त्या त्या वेळी करून संपवायचा असतो. ठेवला तर आंबतो आणि किती तेज उरले याचा हिशेब राहत नाही. टोमॅटो-मिरचीवर तो मारताना आणखी एक भीती : चुऱ्यातून तंबाखूचा मोझॅक विषाणू पिकावर जाऊ शकतो. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधे आली तसा काढा मागे पडला. ही औषधे किडीच्या मज्जातंतूंवर निकोटीनच्याच जागी घाव घालतात. निकोटीन सल्फेट हे जुने तयार कीटकनाशक भारतात वापरायला बंदी आहे, निर्यातीसाठी बनवायला मुभा आहे.

उरलेला काढा प्रत्यक्षात कसा राहतो? कोनाड्यात, शीतपेयाच्या लिटरच्या बाटलीत, मूळचे लेबल तसेच, झाकणाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. रंग फिकट कोऱ्या चहाचा. शेजारी युरियाचे पोते आणि पाण्याची कळशी. साठवणीतला सर्वांत मोठा दोष हाच. तापमान वगैरे नंतर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. अशा पुरात बाटली तरंगत कुठल्या कुठे जाते आणि कागदी लेबल असले तरी पाण्यात सुटते. नावाविना राहिलेली बाटली ज्याच्या अंगणात अडकली, त्याने ती हुंगून ओळखायची?

प्रौढाला ६० मिलिग्रॅम निकोटीन प्राणघातक, हा आकडा दीर्घकाळ छापला गेला. अलीकडच्या फेरतपासणीत तो अर्धा ते एक ग्रॅम असावा असे मत पुढे आले आहे. म्हणून निर्धास्त व्हावे असे नाही. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेच्या ३० मिलिलिटर बाटलीत ३ ग्रॅम निकोटीन असते, आणि लहान मुलाला याच्या अगदी थोड्या अंशाने धोका होतो. युरोपीय संघाने तीव्रतेची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि बाटली १० मिलिलिटरची ठरवली ती यासाठीच. विषबाधेत मळमळ, लाळ, घाम, थरथर येते. पुढे झटके येतात, श्वास मंदावतो. ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना नुसत्या पानांच्या स्पर्शाने उलट्या होतात, त्या कातडीतून आत गेलेल्या निकोटीनमुळेच. अंगावर सांडल्यास कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवावे, पोटात गेल्यास उलटी करवू नये आणि १०८ ला फोन करावा. नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार होतात.

ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांबरोबर साठाही त्यात येतो. साठ्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; विक्रीसाठी पहिल्या खेपेस वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. तंबाखूची पुडी आणि मिसरीचा डबा मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

उरलेले द्रावण ओढ्यात किंवा मोरीत ओतू नये. मासे आणि मधमाश्या दोघांनाही ते मारक आहे.