‘वासना’ या शब्दाची पार्श्वभूमी

वर्तमानपत्रात ‘वासना’ हा शब्द दिसला की वाचक आज लैंगिक लालसा हा एकच अर्थ घेतो. हा अर्थसंकोच फार जुना नाही. शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘वस्’ (राहणे) आणि ‘वास्’ (सुगंधित करणे) या दोन्ही धातूंशी जोडले जाते. फुलांत ठेवलेल्या तिळांना फुलांचा गंध लागतो, तसा अनुभवाचा चित्तात मुरलेला संस्कार म्हणजे वासना, असा दृष्टान्त बौद्ध परंपरेत आहे. योगसूत्रांच्या चौथ्या पादातही हा शब्द संस्काराच्याच अर्थाने येतो.

मराठीत तो इच्छेकडे वळला, पण निंद्य ठरला नाही. ‘मना वासना दुष्ट कामा न ये रे’ या सतराव्या शतकातील ओळीत ‘दुष्ट’ हे विशेषण लावावे लागले, यातच ते दिसते. तापातून उठलेली आजी अजूनही ‘अन्नावर वासनाच नाही’ म्हणते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेनासा झाला, की गेलेल्याची वासना कशात अडकली असेल याची घाटावर कुजबुज होते आणि घरातले कोणी पुढे होऊन, हात जोडून, ‘धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ’ असे सांगते.

खरी गुंतागुंत ‘काम’ या शब्दापाशी आहे. संस्कृतात शारीरिक इच्छेला तो एकटाच पुरतो. मराठीत मात्र ‘कर्म’पासून प्राकृतातील ‘कम्म’मार्गे आलेल्या ‘काम’ने रोजच्या बोलण्यातली ती जागा आधीच घेतली होती. त्यामुळे ‘कामवासना’ असा जोडशब्द सोयीचा ठरला आणि पुढे त्याचा पहिला भाग गळून सगळा भार ‘वासने’वर पडला, असे मला वाटते.

हा भार बातम्यांच्या भाषेने अधिक वाढवला. ‘वासनेला बळी पडली’ या मथळ्यात क्रियापद पीडितेच्या वाट्याला येते आणि गुन्हा करणारा वाक्यातून नाहीसा होतो. ‘वासनांध’मध्ये तो दिसतो, पण आंधळा, म्हणजे जणू स्वतःच्या कृत्याचे भान नसलेला. ही शब्दयोजना मला चुकीची वाटते, कारण बलात्काराची कायदेशीर व्याख्या इच्छेच्या तीव्रतेवर नव्हे, तर संमतीवर उभी आहे. २०१३ च्या दुरुस्तीने ती व्याख्या विस्तारली आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती गृहीत धरता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे; मथळ्यांतला ‘वासनांध’ मात्र अजून गेलेला नाही.