मुलींना गणित जमत नाही? आधी नावं झाकून गुण बघा

"मुलींचा मेंदू भाषेचा, मुलांचा गणिताचा." दहावीचा निकाल लागला की आमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो. पाठवणारे आपलेच, लहानपणापासून हेच ऐकत आलेले. पण ते खरं नाही.

अमेरिकेत ७० लाखांहून जास्त शाळकरी मुलांच्या गणिताच्या गुणांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मुलगे आणि मुली यांच्या सरासरीत नाव घेण्याजोगा फरक नव्हता.

मग काही मुली मागे का सरतात? मुलगा गणितात अडला की आपण म्हणतो, 'सराव वाढव.' मुलगी अडली की, 'राहू दे, आर्ट्सला जा.' सराव तिथंच थांबतो, गुण उतरतात, आणि समज आणखी पक्का होतो. मला यातलं हे 'राहू दे' सगळ्यात घातक वाटतं, कारण ते मायेनं म्हटलेलं असतं.

पडताळायचंय? वर्गाची गणिताची गुणयादी घ्या, नावं झाका आणि नुसत्या आकड्यांवरून मुली ओळखून दाखवा.

किंवा कपिलतीर्थ मंडईत जा. ऐंशीची गवार पावकिलो, साठची वांगी पाऊण किलो. शंभराची नोट दिली की पिशवीला गाठ मारता मारता मावशी पस्तीस रुपये हातावर ठेवतात.