स्टॉप मोशन, घरगुती

निर्जीव वस्तू किंचित हलवून दर वेळी तिचे एक छायाचित्र घ्यायचे आणि ती छायाचित्रे ओळीने वेगात दाखवून हालचालीचा आभास निर्माण करायचा, या तंत्राने घरी लघुपट करण्याचा छंद. पूर्वी त्यासाठी एकेक चौकट टिपणारा ८ मिमी.चा कॅमेरा लागे. आता मोबाइल, तिवई आणि टेबलावरचा दिवा पुरतो.

तंत्राचा उगम वादग्रस्त आहे. अमेरिकेतील ब्लॅकटन व स्मिथ या चित्रपटकारांच्या ‘द हम्प्टी डम्प्टी सर्कस’ या खेळण्यांच्या पटाला सामान्यतः १८९८ हे साल देतात. परंतु पट नष्ट झालेला असून भिस्त मुख्यतः नंतरच्या आठवणींवर आहे. इंग्लंडमधील आर्थर मेलबर्न-कूपर यांचा आगकाड्यांचा पट काहींच्या मते १८९९ चा, तर काहींच्या मते १९१४ चा. त्यात सैनिकांना काडेपेट्या पाठविण्याचे आवाहन आहे, आणि ते बोअर युद्धाला जितके लागू पडते तितकेच पहिल्या महायुद्धालाही. फ्रान्समधील एमील कोल यांचा काड्यांचाच पट मात्र १९०८ चा, याविषयी फारसा मतभेद नाही.

भारतात दादासाहेब फाळके यांच्या ‘अंकुराची वाढ’ या लघुपटापासून सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. त्याचे साल काही ठिकाणी १९१० किंवा १९११ असे आढळते; पण चलच्चित्रणाचा विल्यमसन कॅमेरा त्यांनी १९१२ च्या लंडनवारीत मिळविला, हे ध्यानात घेता १९१२ अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय त्यात दिसणारे वाटाण्याचे रोप स्वतःच वाढते, त्याला कोणी हलवीत नाही. म्हणून काटेकोरपणे हा कालसंकोचाचा (टाइम-लॅप्सचा, म्हणजे संथ बदल वेगात दाखविण्याचा) प्रयोग ठरतो. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी केलेला ‘आगकाड्यांची मौज’ हे खरे स्टॉप मोशन.

नागपुरात या छंदाला हवामानाचा अडसर मोठा. मुलांना सवड मे महिन्यात मिळते आणि तेव्हाच पारा ४५° से.पर्यंत चढतो. तेलमिश्रित रंगीत माती अशा उष्म्यात मऊ पडून बाहुलीचे हात लोंबू लागतात. कूलर लावावा तर त्याच्या झोताने कागदी आकृत्या सरकतात व दमटपणाने वाकतात. चितार ओळीतील मूर्तिकारांची शाडू माती वाळल्यावर तडकते. ती देखाव्याला चांगली, हलत्या पात्राला नाही. पात्रासाठी ॲल्युमिनियमच्या दुपदरी पिळलेल्या तारेचा सांगाडा करून त्यावर स्पंज व कापड चढविणे बरे. थोडक्यात, दिवाळीची सुटी या कामाला अधिक सोयीची.

पहिल्या पटासाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल उत्तम. त्याला सांधे नसतात. चाकांवर पुढे सरकवला की झाले. सेकंदाला १२ चित्रे धरल्यास मिनिटाला ७२० लागतात, म्हणून अर्ध्या मिनिटाची गोष्ट पुष्कळ. दर चित्राला ३ मिमी. सरकवल्यास बैल सेकंदात ३६ मिमी. जातो. प्रारंभी १ मिमी., मग २, मग ३ आणि थांबताना उलट क्रम ठेवला, तर चाल जड व सजीव दिसते. सारखेच अंतर ठेवल्यास बैल ओढल्यासारखा वाटतो. हे आकडे चित्रणापूर्वी क्रमवार तक्त्यात मांडतात. संवाद असल्यास आवाज आधी मुद्रित करून प्रत्येक अक्षराला किती चित्रे, तेही त्यातच नोंदवितात.

खिडकीतला उजेड सरकत असल्याने तयार पट लुकलुकतो. यासाठी पडदे ओढून दिव्यावर काम करतात, तसेच कॅमेऱ्याचा प्रकाश, केंद्र (फोकस) व रंगतोल (व्हाइट बॅलन्स) कुलूपबंद करतात, म्हणजे आपोआप बदलू देत नाहीत. वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवल्यास त्याचे पट्टे उमटत नाहीत. मोबाइलला हात लागून चौकट हलू नये म्हणून छायाचित्र हेडफोनच्या बटणाने घेतात. आधीची चौकट पुसट दाखविणारी सोय बहुतेक ॲपमध्ये असते. संकलन व पार्श्वध्वनी मोबाइलवरच होतात.