लिहिलं कधी आणि प्रमाण मानलं कधी? नव्या करारातला नेहमीचा घोळ

‘बायबल ३२५ साली नायसियाच्या परिषदेत तयार झालं’, ‘कॉन्स्टंटाइनने चार शुभवर्तमानं निवडली आणि बाकीची जाळली’. ही वाक्यं शिकलेली माणसंही बिनधास्त पुढे ढकलतात. दोन्ही चूक आहेत. (नायसिया म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेली बिशपांची परिषद; शुभवर्तमानं म्हणजे बायबलच्या नव्या करारातली येशूच्या जीवनाची पुस्तकं.) पुस्तक लिहून होणं आणि मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, ते धर्मग्रंथ म्हणून मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वाक्यांत त्यांची सरमिसळ होते.

लिखाणाचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३०च्या सुमारास. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं साधारण ५० ते ६०च्या दरम्यानची. चार शुभवर्तमानांपैकी मार्क ७०च्या आसपास, मत्तय आणि लूक बहुधा ८० ते ९०, योहान शतकाच्या अखेरीस. मधली चाळीसेक वर्षं वचनं, दृष्टांत आणि क्रुसाची हकिकत मुखोद्गतच चालली. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:३-५) पौल सांगतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, आणि लगेच पाठांतराला सोपी साखळी मांडतो: मरण पावला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला.

लिहून झाल्यावर तोंडी परंपरा आटली, असंही समजू नये. घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे, हे येशूचं वचन चारही शुभवर्तमानांत नाही. ते सापडतं प्रेषितांच्या कृत्यांत (२०:३५), पौलाच्या तोंडी. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हिएरापोलिसचा बिशप पापियास तर म्हणतो की पुस्तकांपेक्षा जिवंत आवाजातून मिळालेलं मला जास्त उपयोगी पडलं. त्या वेळी शुभवर्तमानं लिहून झाली होती.

आता खरा अडखळण्याचा भाग. पुस्तक प्रमाण ठरतं म्हणजे काय होतं? कोणी मतदान घेत नाही. उपासनेत ते पुस्तक मोठ्याने वाचलं जातं, आणि हीच खरी कसोटी. रोममध्ये १५५च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचतात. म्हणजे शुभवर्तमानं संदेष्ट्यांच्या पंगतीला बसलेली दिसतात. १८०च्या सुमारास बिशप इरेनियस ठामपणे चारच शुभवर्तमानं मानतो. नायसिया अजून १४५ वर्षं दूर होतं.

ही छाननी प्रत्यक्षात कशी चाले, ते दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचा बिशप सेरापियन दाखवतो. ऱ्होसस गावच्या मंडळीत पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचत होते. त्याने आधी न वाचताच परवानगी दिली. पुढे प्रत मिळवून वाचल्यावर त्याला आढळलं की बराचसा मजकूर ठीक आहे, पण काही भर खऱ्या शिकवणीत न बसणारी आहे. मग त्याने तसं लेखी कळवलं. सम्राट नाही, परिषद नाही. एक बिशप, एक गाव, एक पुस्तक. असं शेकडो ठिकाणी, वेगवेगळ्या वेगाने चाललं.

मग नायसियात काय झालं? वाद होता एरियस या धर्मगुरूच्या मताचा, म्हणजे पुत्र (येशू) पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा आहे की निर्माण केलेला. त्याशिवाय पुनरुत्थानाच्या सणाची (ईस्टरची) तारीख ठरली आणि २० नियम झाले. बिशपच्या दीक्षेला किमान तीन बिशप हवेत, धर्मसेवकांनी व्याजबट्टा करू नये, रविवारी गुडघे टेकू नयेत, अशा स्वरूपाचे. पुस्तकांची यादी त्यांत नाही. पुस्तकं वेदीजवळ ठेवून प्रार्थना केली आणि खरी वर आली, खोटी खाली राहिली, ही गोष्ट नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात येते आणि व्हॉल्टेअरमुळे ती युरोपभर गेली. कॉन्स्टंटाइनने नायसियानंतर काही वर्षांनी बिशप युसेबियसकडून धर्मग्रंथांच्या ५० प्रती मागवल्या, हे खरं. पण प्रती मागवणं म्हणजे ग्रंथ निवडणं नव्हे.

यादी ३२५ला ठरली असती, तर पुढचा सगळा इतिहास निरर्थक ठरतो. ३५०च्या सुमारास यरुशलेमचा बिशप सिरिल आपल्या यादीत प्रकटीकरण (आजच्या नव्या करारातलं शेवटचं पुस्तक) घेत नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात (बायबलच्या एका जुन्या ग्रीक प्रतीत) बर्नबाचं पत्र आणि हर्मासचा ‘मेंढपाळ’ नव्या कराराला जोडून येतात. आज आपण धरतो ती नेमकी २७ पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने ३६७च्या ईस्टरच्या सणाच्या पत्रात मोजली, आणि तो स्वतः डीकन (बिशपचा मदतनीस) म्हणून नायसियाला हजर होता. पेशित्तात, म्हणजे सिरियाक भाषेतल्या बायबलात, तर २२च पुस्तकं: पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण त्यात नाहीत.

म्हणून कोणी सन सांगितला की आधी विचारावं: हा लिहिल्याचा सन की मान्यतेचा? येशूचा शिष्य थोमा याच्या नावाच्या शुभवर्तमानावरून होणारी भांडणं इथेच सुटतात. ११४ वचनांचा त्याचा कॉप्टिक मजकूर १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडला. तो कधी रचला गेला, यावर अभ्यासकांत खरा वाद आहे, आणि काही वचनं जुन्या तोंडी परंपरेतली असू शकतात. पण ‘नायसियाने तो वगळला’ हे साफ खोटं. ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने तिसऱ्या शतकातच तो मंडळीने न मानलेल्यांत मोजला होता.