हिवतापाच्या परजीवीतील फॉस्फोरिलीकरण

प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीच्या प्रथिनांवर फॉस्फेट गट चढवण्याची क्रिया. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या टोकाचा फॉस्फेट कायनेज नावाची विकरे प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसवतात. फॉस्फेटेज विकरे तो उतरवतात. तेवढ्याने प्रथिनाची घडण बदलते आणि त्याचे काम सुरू होते किंवा थांबते. माणसाचे यकृत, तांबडी पेशी, डासाचे पोट अशी घरे बदलणाऱ्या या जिवाला आपण कुठे पोहोचलो हे ओळखावे लागते, आणि ते बरेचसे याच मार्गाने.

ठाणे व नवी मुंबईत हिवताप पसरवणारा प्रमुख डास ॲनोफिलीस स्टीफेन्साय. गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साचलेले पाणी ही त्याची वाढण्याची ठिकाणे. घणसोलीत बांधकामावरच्या एखाद्या आजारी मजुराला तो चावला, की रक्तासोबत परजीवीच्या नर व मादी युग्मकजनक पेशी, म्हणजे ज्यांपासून युग्मके (प्रजननाच्या पेशी) बनतात त्या, त्याच्या पोटात उतरतात. तिथे तापमान सुमारे ५ अंशांनी घटलेले असते, शिवाय झँथुरेनिक आम्ल हा डासाच्या शरीरातला पदार्थ भेटतो. या दोन खुणा मिळताच पीकेजी हे कायनेज जागे होते, पेशीत साठवलेले कॅल्शियम सुटते आणि त्यामुळे सीडीपीके४ हे दुसरे कायनेज कार्यरत होते. नर पेशीतील डीएनएच्या तीन वेळा प्रती निघतात आणि पंधराएक मिनिटांत आठ शेपटीदार युग्मके वळवळत बाहेर पडतात. सजीवसृष्टीत इतकी घाई क्वचितच दिसते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी काचपट्टीवर हीच वळवळ पाहिली आणि हे जिवंत परजीवी आहेत याची त्यांना खात्री पटली. अंगाबाहेर काढलेले रक्त थंडावले होते. परजीवीच्या लेखी डासाचे पोट आले होते.

रक्तातही पीकेजी लागतेच. फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या प्लाझ्मोडियमच्या जातींमध्ये साधारण ४८ तासांनी तांबड्या पेशी फुटतात, थंडी वाजून ताप भरतो. फुटण्याची ती वेळ पीकेजी साधते: त्याच्या इशाऱ्यावर सब१ हे प्रथिने कापणारे विकर सुटते आणि परजीवीभोवतीची आवरणे तुटतात. बाहेर पडलेल्या परजीवीला नव्या पेशीत शिरण्यासाठी एएमए१ या प्रथिनाच्या शेपटीवर पीकेए या आणखी एका कायनेजने फॉस्फेट बसवावा लागतो.

सीडीपीके गटाची कायनेजे वनस्पतींत असतात, माणसात नसतात. म्हणून औषधासाठी ती मोलाची. उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीतून सीडीपीके४ चे जनुक काढल्यावर नर युग्मके बनत नाहीत, हे २००४ मध्ये दाखवले गेले. सीडीपीके४ थांबवणाऱ्या औषधाने रुग्णाचा ताप उतरणार नाही, पण शेजारच्या खोलीतला माणूस वाचेल. दाटीच्या वस्तीत हे कमी नाही. फाल्सिपेरमच्या युग्मकजनक पेशी पक्व व्हायला दहा-बारा दिवस घेतात, त्यामुळे ताप गेलेला, कामावर परतलेला माणूसही डासाला परजीवी देत राहतो. फाल्सिपेरमच्या रुग्णाला मूळ औषधासोबत प्रायमाक्वीनची एक मात्रा देतात, ती याच पेशींसाठी.