शिश्न प्रत्यारोपण

अपघात, स्फोट, कर्करोग किंवा सुंतेनंतरची गुंतागुंत यांमुळे शिश्न गमावलेल्या पुरुषाला मृत दात्याचे शिश्न जोडण्याची शस्त्रक्रिया. आजवर जगभरात अशा मोजक्याच शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

पहिली नोंद चीनमधील ग्वांगझोची. तिचा अहवाल 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तपुरवठा सुरळीत होता, रुग्णाला लघवी होऊ लागली होती. तरीही दोन आठवड्यांनी शिश्न काढून टाकावे लागले. रुग्ण आणि त्याची पत्नी यांना ते मानसिकदृष्ट्या सोसवेना. काढलेल्या अवयवाच्या तपासणीत शरीराने तो नाकारल्याची खूण आढळली नाही. शरीराने स्वीकारलेले मनाने नाकारले, आणि या विषयाची खरी अवघड बाजू तेव्हाच समोर आली. प्रत्यारोपित मूत्रपिंड पोटात दडलेले असते. हा अवयव रोज दिसतो, हाताळावा लागतो, आणि जोडीदाराच्याही सहवासाचा भाग असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी दोघांचेही समुपदेशन व्हायला हवे.

दीर्घकाळ टिकलेले पहिले प्रत्यारोपण डिसेंबर 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे, सुंतेनंतर शिश्न गमावलेल्या 21 वर्षांच्या तरुणावर झाले. शस्त्रक्रिया नऊ तास चालली.

सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रमार्ग, बारीक रोहिण्या, नीला आणि मज्जातंतू एकेक करून जोडतात. रक्त लगेच वाहू लागते, स्पर्श मात्र सावकाश परततो: मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. त्वचेवर प्रतिकारशक्ती विशेष जोमाने तुटून पडते, त्यामुळे टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे अवयव असेपर्यंत घ्यावी लागतात. त्यांनी जंतुसंसर्ग आणि कर्करोगाचा धोका वाढतो, मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. जीव वाचवण्यासाठी नसलेल्या शस्त्रक्रियेपायी हा धोका पत्करावा का, हा नैतिक प्रश्न इथे उभा राहतो. हाताच्या त्वचेपासून शिश्न घडवण्याचा पर्याय असतो आणि त्याला ही औषधे लागत नाहीत. पण ताठरतेसाठी कृत्रिम साधन बसवावे लागते. मात्र हा अवयव गमावलेल्याचे दुःख ‘जिवावरचे नाही’ म्हणून हलके लेखणे अन्यायाचे आहे.

गर्भाशय प्रत्यारोपणाच्या बाबतीत औषधांचे हे ओझे तात्पुरते ठरते: बाळंतपणे आटोपल्यावर गर्भाशय काढून औषधे थांबवता येतात.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2018 मध्ये अफगाणिस्तानात जखमी झालेल्या सैनिकाला शिश्नासह वृषणकोश आणि पोटाच्या भिंतीचा भाग बसवण्यात आला. वृषणे मात्र मुद्दाम वगळली, कारण त्यांतून तयार होणारे शुक्राणू दात्याचे असते आणि होणारे मूल जनुकीयदृष्ट्या त्याचेच ठरले असते.