फुफ्फुसातला नोड्यूल

छातीच्या एक्स-रेत किंवा सिटीस्कॅनमधे फुफ्फुसात दिसणारा, साधारण गोल, ३ सेंमीपर्यंतचा ठिपका म्हणजे नोड्यूल. मराठीत याला सर्रास 'गाठ' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण विदर्भातल्या खेड्यात "गाठ निघाली म्हनते" एवढं ऐकलं की घरातले रडायलाच लागतात. जुने लोक 'छातीत डाग' म्हणतात, तो शब्द टीबीच्या जमान्यातला असला तरी इथे तोच जास्त बरोबर वाटतो.

३ सेंमीच्या वर गेला की त्याला मास म्हणतात. ही हद्द सोयीसाठी ठरवलेली आहे, मोठ्या डागात कॅन्सर निघायचं प्रमाण बरंच वाढतं म्हणून. जुन्या लिखाणात ४ सेंमीपर्यंतच्या डागालाही नोड्यूल म्हटलेलं सापडतं. आपल्या मापात सांगायचं तर तुरीचा दाणा ६ मिमीच्या आसपास, हरभरा ८ च्या, आणि मोठं बोर ३ सेंमीच्या जवळपास. यातल्या पहिल्या दोन आकड्यांवरच पुढचं बरंचसं ठरतं.

आपल्याकडे असा डाग बऱ्याचदा जुन्या टीबीचा असतो. लहानपणी कधीतरी जंतू शिरतो, शरीर त्याला घेरून टाकतं, जखम सुकते, त्यात कॅल्शियम बसतं आणि माणसाला पत्ताही नसतो. टीबीच्या या पहिल्या जखमेला घोन फोकस म्हणतात, ऑस्ट्रियाच्या अँटन घोनच्या १९१२ च्या पुस्तकावरून. पण मान त्याचा की नाही यावर वाद आहे, कारण फ्रान्समधे पारोनं १८७६ मधे आणि क्यूसनं १८९८ मधे हीच गोष्ट आधी लिहून ठेवलेली. घोननं मुलांची शवविच्छेदनं करून ते पद्धतशीर मांडलं म्हणून नाव त्याचं टिकलं, हे जास्त पटण्यासारखं आहे. कॅल्शियम पूर्ण डागात, मधोमध किंवा कांद्याच्या पापुद्र्यासारखं बसलेलं असेल तर सहसा काळजी नसते, एकाच कडेला असेल तर मात्र शंका राहते. मक्याच्या लाहीसारखं दिसलं तर तो बहुतेक हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ.

कधी काय करायचं याचे जगभर वापरले जाणारे नियम फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅन-तज्ज्ञांच्या संघटनेचे, २००५ चे, २०१७ मधे सुधारलेले. एकच भरीव डाग ६ मिमीच्या आत आणि माणूस बिडी-सिगारेट न ओढणारा, बाकी जोखीमही नाही, तर पुन्हा स्कॅनची गरज नाही. ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन. ८ च्या वर असेल तर ३ महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन (ज्यात जास्त चालू असलेल्या पेशी चमकतात) किंवा बायोप्सी यातलं काय ते डॉक्टर ठरवतात. धुरकट काचेसारखा डाग हळू वाढतो, म्हणून ६ मिमी किंवा त्याच्यावरचा असेल तर ५ वर्षं लक्ष ठेवतात. पस्तिशीच्या आतले, आधी कॅन्सर झालेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना हे नियम लागू नाहीत.

वाढ मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. ६ चा साडेसात झाला तर दिसायला दीडच मिमी, पण घनफळ जवळपास दुप्पट झालेलं असतं, आणि तेवढा फरक नुसत्या मोजण्यातही पडू शकतो, म्हणून २ मिमीच्या खाली वाढ धरत नाहीत. भरीव डाग २ वर्षं तसाच राहिला तर तो बहुधा निरुपद्रवी, त्यामुळे जुनी फिल्म सोन्यासारखी असते, पण घरी शोधायला जावं तर पोरांनी ती ग्रहण पाहायला कापलेली असते. २०२०-२१ मधे कोरोनाचा 'स्कोर' पाहायला ज्यांनी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सिटीस्कॅन) काढलं त्यांनी निदान ती पिशवी तरी जपून ठेवावी.

पेट स्कॅनवर आपल्याकडे फार विसंबता येत नाही, चालू टीबीही त्यात कॅन्सरसारखा चमकतो; आशियातल्या तज्ज्ञांनी २०१६ च्या शिफारशींतही हेच धरलंय. उलट नुसता डाग पाहून टीबीच्या गोळ्या सुरू करायची सवयही दिसते, आधी बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची तपासणी झालेली बरी.

चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणीत किंवा गिट्टी क्रशरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या फुफ्फुसात धुळीमुळे बारीक बारीक बरेच डाग दिसू शकतात, ते सहसा वरच्या भागात. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं दम लागतो, छाती आवळते, पण तिच्यामुळे असे डाग पडतात असं सहसा मानत नाहीत.